तीन तास झाकण उघडायचं नाही

ऑरिन लुबेनवर दोन आरोप होते, आणि दोन्ही त्याच्या मुलीनं, मार्लानं, थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर टर्कीच्या सांगाड्यासमोर बसून बोलून दाखवले होते.

पहिला केटलचा. ऑक्टोबरात तो शेगडीवर केटल ठेवून कॅफेत गेला. केटल वितळली, धूर झाला, आगीचा बंब निघाला. बंबावरचे चारही स्वयंसेवक कॅफेतल्या त्याच्याच टेबलावरून उठून गेले होते, आणि आज कुणाचं घर पेटलं ते बघायला ऑरिनही गाडी काढून त्यांच्या मागोमाग निघाला होता. हे शेवटचं गावात सगळ्यांत जास्त वेळा सांगितलं गेलं.

दुसरा आरोप भांड्यांचा. फेब्रुवारीत त्याची बायको डेल्फा गेली तेव्हा गावानं रीतीप्रमाणे जेवण पाठवलं. अकरा भांडी आली. प्रत्येकाच्या बुडाला कागदी चिकटपट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव. जेवण संपतं, भांडं धुतलं जातं आणि परत जातं. पण रिकामं कधी जात नाही, आत काहीतरी गोड असावंच लागतं. अकराही भांडी दहा महिने ऑरिनच्या तळघरात पालथी पडून होती. केटल काय, कुणाचीही जळते. भांडी ठेवून घेणारा माणूस मात्र डोक्यानं अधू तरी असतो नाहीतर दानतीनं, आणि ऑरिनची दानत गावाला चाळीस वर्षं माहीत होती. म्हणजे उरलं काय ते उघड होतं.

मार्ला डी मॉइन शहरात एका विमा कंपनीत दावे तपासायची. तिनं तिच्या घरापासून दहा मिनिटांवर, म्हाताऱ्यांची व्यवस्था बघणाऱ्या एका ठिकाणी खोली बघून ठेवली होती. खोली सोमवारपर्यंत धरून ठेवलेली. शनिवारी तीन वाजता ती कागद घेऊन येणार होती. "बोलू आपण," असं ती फोनवर म्हणाली. ऑरिननं अडतीस वर्षं धान्याच्या सहकारी कोठारावर वजनकाट्याचं काम केलं होतं. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी. तिथला मॅनेजर जेव्हा "बोलू आपण" म्हणायचा तेव्हा बोलणं होऊन गेलेलं असायचं, हे तो जाणून होता.

त्याला हे घर सोडायचं नव्हतं. एवढंच होतं, पण एवढं होतं.

म्हणून त्यानं ठरवलं की शनिवारी तीनच्या आत अकरा भांडी अकरा घरी पोचली पाहिजेत, आणि प्रत्येकात डेल्फाची नाताळची दाण्या-चॉकलेटची मिठाई असली पाहिजे. तीच का, तर ती शेगडीवर होत नाही. विजेवरच्या त्या जाडजूड लंबगोल भांड्यात, स्लो कुकरमध्ये, सगळं टाकायचं आणि झाकण लावायचं. चर्चमधल्या बायका म्हणायच्या की हे ज्याला जमत नाही त्यानं पाणीसुद्धा दुसऱ्याकडून ओतून घ्यावं. डेल्फाच्या पत्र्याच्या डब्यात कार्ड सापडलं. तिनं ते स्वतःपुरतंच लिहिलेलं असणार, कारण त्यात एकही शब्द जास्त नव्हता. दाण्यांच्या दोन बरण्या, एक खारी, एक अळणी, तळाला. वर चॉकलेट, काळं आणि पांढरं, सगळं. ढवळू नये. मंद आच, तीन तास. झाकण उघडू नये. विसरून जावं.

शेवटचं वाक्य ऑरिननं दोनदा वाचलं. केटल जळाल्यापासून सगळं जग त्याला विसरू नकोस, विसरू नकोस म्हणत होतं. मार्लानं त्याला एक वही आणून दिली होती, आणि काटेवाल्या माणसाला वही दिली की तो भरतोच. गोळी घेतली, शेगडी बंद केली, मागचं दार लावलं, सगळं वेळेसकट. आता बायको वरून सांगत होती की विसरून जा. दोघींपैकी जिवंत कोण आहे याचा विचार करून त्यानं मुलीचं ऐकलं.

शनिवारी सकाळी सहा चाळीसला त्यानं कुकर लावला आणि तसं वहीत लिहिलं. मग खुर्ची ओढून समोर बसला. सहा पन्नासला उठला. चॉकलेटच्या लाद्या होत्या तशाच होत्या. झाकण लावलं, लिहिलं. सातला पुन्हा. सात बाराला झाकणाच्या काचेवर वाफ धरली, आतलं दिसेना. दिसत नाही म्हटल्यावर तर बघायलाच हवं. मध्ये तो तळघरात गेला, भांडी वर आणली, टेबलावर मांडली, पट्ट्यांवरची नावं वाचली, पुन्हा उलटीकडून वाचली. खिडकीशी गेला. बर्फ पडायचं होतं, पडत नव्हतं. परत येऊन झाकण. पायांना स्वस्थता नव्हती आणि हातांना तर त्याहून नव्हती. झाकण उचललं की कडेचे थेंब ओघळून आत पडायचे, टप, टप. थेंब ते काय, असं त्याला वाटलं. माणूस इतकं डोळ्यांत तेल घालून बसलाय म्हटल्यावर बिघडणार काय?

नऊ वाजता त्यानं चमचा घातला आणि चमचा उभा राहिला. चॉकलेट वितळून वाहायच्या ऐवजी आकसून त्याचा करड्या रंगाचा खरबरीत गोळा झाला होता. पावसात भिजलेल्या खताच्या गोणीत हात घातल्यावर लागतो तसा.

शेजारची आयोनी बेरेंड्स मागच्या दारानं आली. ती दार वाजवत नसे. शाळेत त्याच्या पुढच्या बाकावर बसायची तेव्हापासून त्याच्या वस्तूंना विचारून हात लावायची सवय तिला नव्हती. तिनं दोन नवरे पुरले होते आणि दोन्ही वेळा लोकांची भांडी पंधरवड्याच्या आत परत केली होती. पहिल्याच्या वेळी लिंबाचे चौकोन, दुसऱ्याच्या वेळी खजुराचा केक. ती कुकरमध्ये वाकली आणि मग सरळ झाली.

"पाणी गेलंय यात."

"मी एक थेंब घातला नाही."

"झाकणावरचं पडलंय. किती वेळा उघडलंस?"

"लिहिलंय."

आयोनीनं वही घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बोट फिरवत शेवटपर्यंत गेली. "अरे, खुडूक कोंबडीसुद्धा इतक्या वेळा उठून अंडी मोजत नाही," ती म्हणाली. ऑरिननं तिला सांगितलं की तीनला मार्ला येतेय, खोली सोमवारपर्यंतच आहे, आणि हे सगळं कचऱ्यात गेलं तर ती सही घेऊनच जाईल. हे सांगताना तो टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून आला. आयोनीनं त्याला थांबवलं नाही. ती घरी गेली आणि दहा मिनिटांत दाण्यांच्या दोन बरण्या आणि चॉकलेटच्या पिशव्या घेऊन आली. डिसेंबरात तिच्या फडताळात हे नसेल तर समजावं की युद्ध सुरू झालंय. तिनं त्याच्याकडून भांडं धुऊन घेतलं, पुसून घेतलं, आणि पुन्हा कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं. दाणे, वर काळं, वर पांढरं. मग भांड्याच्या तोंडावर एक जाड पंचा ताणून त्याच्यावर झाकण दाबलं, म्हणजे थेंब पडले तर पंच्यात पडतील. नऊ पन्नास. वहीत लिहिण्यापुरता वेळ तिनं त्याला दिला.

"आता कोट घाल."

"कशाला?"

"माझ्याकडे चल. नाताळच्या दिव्यांच्या माळांचा गुंता झालाय."

"हे चालू ठेवून?"

"चालू ठेवून."

"आयोनी, मी घरात काही चालू ठेवून बाहेर जात नाही आता."

"तू इथं बसलास तर मिठाई होत नाही. पाहिलंस ना आत्ताच. डेल्फानं लिहिलंय ते वाच आणि चल."

तो गेला. जाताना वळून पाहिलं, दारात थांबला, पुन्हा वळला. आयोनीनं त्याला बाहीला धरून पायरी उतरवली.

तिच्या बैठकीत माळा सोडवत बसणं हे खरं तर काटेवाल्या माणसाच्या स्वभावाचं काम होतं. पण त्या दिवशी त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एक गाठ सोडवायची, उठायचं, खिडकीशी जायचं. तिथून त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. धूर नाही. परत यायचं, दुसरी गाठ. आयोनी म्हणाली की माझा पहिला नवरा माझ्या बाळंतपणात इतका फिरला नव्हता, आणि ते जुळं होतं. अकरा वाजता तिनं त्याला सूप दिलं. ते त्यानं उभ्यानं प्यायलं. पावणेबाराला तो खिडकीशी गेला तो परत आलाच नाही.

त्याच्या दारात करड्या रंगाची गाडी उभी होती. संध्याकाळी बर्फ येणार म्हणून मार्ला सकाळीच निघाली होती.

ऑरिन टोपी न घालताच धावला. गोठलेल्या अंगणात धावायचं नसतं हे सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. तो धावला.

मार्ला स्वयंपाकघरात होती. अंगात कोट तसाच, हातात कुकरची सुटलेली वायर. झाकण आणि पंचा बाजूला काढून ठेवलेला. टेबलावर अकरा रिकामी भांडी, कचऱ्याच्या बादलीत वरपर्यंत करडा गोळा. दावे तपासणाऱ्या बाईला याहून सरळ प्रकरण बऱ्याच दिवसांत मिळालं नसेल.

"हे चालू होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि घरात कुणी नव्हतं."

"मी आयोनीकडे होतो."

"केटल जळाली तेव्हाही तू कुठंतरी होतासच, डॅड."

आयोनी धापा टाकत मागून आली आणि म्हणाली की त्याला बाहेर मी काढलं. मार्लानं अगदी मऊ आवाजात सांगितलं की तुम्ही खूप करता त्याचं, आयोनी, पण हे आमच्या घरातलं आहे. आयोनी मागे सरकली. पण गेली नाही. फ्रिजला टेकून उभी राहिली.

ऑरिननं कार्ड पुढे केलं. मार्लानं ते वाचलं आणि तिचा अंगठा त्या अक्षरांवरून एकदा फिरला.

"मॉम घरात असायची," ती म्हणाली.

"नसायची. हे लावून ती केस सेट करायला जायची. दर डिसेंबरात. तू तेव्हा शाळेत असायचीस."

"तीन तास तिला तिथं पुरायचे नाहीत," फ्रिजकडून आयोनीचा आवाज आला. "मी शेजारच्या खुर्चीत असायची."

मार्लानं कार्ड ठेवलं आणि वही उचलली. तिनंच दिलेली वही, म्हणून असेल, ती नीट वाचू लागली. गोळी. शेगडी. दार. मग आजचं पान. सहा चाळीस लावलं. सहा पन्नास पाहिलं. सात पाहिलं. सात बारा पाहिलं. ती वाचत गेली आणि पानाच्या तळाशी पोचली तेव्हा तिच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली नव्हती. दुसऱ्याच कुठल्यातरी आकाराची झाली होती.

"सतरा वेळा?"

"अठरा," ऑरिन म्हणाला. "एकदा लिहायचं राहिलं."

आयोनीनं डोळे मिटून घेतले. अशा ठिकाणी माणसाला खोटं बोलता येत नसेल तर निदान खोकावं तरी.

मार्ला खुर्चीवर बसली. आल्यापासून पहिल्यांदा बसली. ती टेबलावरच्या एका भांड्याची पट्टी नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली, "फोन वाजला की मला तुझी शेगडी दिसते. मीटिंगमध्ये असते, गाडीत असते, पोरांच्या मॅचला असते. आधी शेगडी दिसते, मग मी फोन उचलते. दोन महिने झाले. मला हे असं नाही जमत, डॅड."

ऑरिनला यावर बोलायचं होतं. भांडी आज जाणार होती हे सांगायचं होतं, वही किती नीट ठेवली ते दाखवायचं होतं. पण इतके दिवस तो काट्यावर एकटाच चढत होता आणि स्वतःचंच वजन वाचत होता. पोरीच्या बाजूला किती आहे हे त्यानं विचारलंच नव्हतं. तो उठला. शेगडीशी गेला आणि पहिलं बटण मुठीत धरून ओढलं. ते जुनं होतं, निघेना. मग एकदम निघालं. दुसरं, तिसरं, चौथं. खालच्या ओव्हनचं पाचवं. काळी, तेलकट, आकडे अर्धे पुसलेली पाच बटणं त्यानं तिच्या पुढ्यात ठेवली.

"केटल हिच्यावर जळाली. ही आता पेटत नाही. घेऊन जा."

"आणि खाणार काय?"

"हा कुकर आहे. मायक्रोवेव्ह आहे. टोस्टर आहे."

"टोस्टरलाही आग लागते."

"मग टोस्टर पण ने. घर राहू दे."

मार्लानं खुर्ची मागे सरकवली. उठून मागच्या पायरीवर गेली आणि दार ओढून घेतलं. काचेतून तिची पाठ दिसत होती, कानाशी फोन, आणि एका बुटाची टाच पायरीवर सारखी आपटत होती. ही खोड लुबेनांची. ऑरिन कुकरपाशी गेला, परत फिरला, भांडी एका रांगेत लावली, रांग मोडली. आयोनी म्हणाली, उभा राहा एका जागी, मला चक्कर येतेय. बाहेर मार्लानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते पाठीवरून कळत नाही.

ती आत आली तेव्हा नाक लाल झालं होतं. "ऑफिस बंद आहे. मशीनवर निरोप ठेवलाय, खोली दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. मार्चअखेर आपण पुन्हा बघायचं. खरंच बघायचं, डॅड, नुसतं म्हणायचं नाही."

"मार्चअखेर."

"आणि रोज सकाळी आठला फोन. तू करायचा. मी नाही करणार. तुझा आला की मला कळेल, तू आहेस."

"आठला."

"लिही."

त्यानं लिहिलं. ती लिहून होईपर्यंत बघत राहिली आणि मग तिनंच पंचा ताणून झाकण लावलं आणि वायर पुन्हा भिंतीत खोचली. ऑरिननं हिशेब सांगितला, एक तास पाच मिनिटं राहिलीत. मार्लानं कोट काढला. दहाव्या मिनिटाला तिचा हात झाकणाकडे गेला आणि आयोनीनं त्याच्यावर चापट मारली.

एक वाजता झाकण निघालं. दाणे तळाला, वर चॉकलेट मऊ पडून चकाकत होतं. चमचा घातला तसं सगळं एकजीव होऊन सैल वाहायला लागलं. टेबलभर पसरलेल्या मेणकागदावर चमच्यानं त्याचे ठिपके टाकायचे होते. मार्लाचे ठिपके एकासारखा एक, जसे छापील फॉर्मवरचे चौकोन. ऑरिनचे कुठं ढेकळ, कुठं नाणं. घट्ट व्हायच्या आत उरकायचं म्हणून हात भराभर चालले. अडीचला वड्या सुटल्या. अंधार पडायच्या आत तिघांनी अकरा घरं केली. प्रत्येक दारात भांडं घेणारी बाई आधी भांड्याकडे, मग मार्लाकडे बघायची आणि म्हणायची, अगं बाई, याची काय घाई होती. दहा महिने नवऱ्याजवळ याच भांड्याच्या नावानं खडे फोडलेल्या बायकासुद्धा हेच म्हणाल्या. बर्फ आलं, मार्ला रात्री राहिली आणि रविवारी चर्च झाल्यावर गेली. बटणं तिच्या कोटाच्या खिशात होती. चालताना वाजत होती.

सोमवारी ऑरिननं आठला फोन केला. मार्लानं विचारलं, काय खाल्लंस? तो म्हणाला, खातो आता.

त्याला तळलेली अंडी हवी होती. पन्नास वर्षं तो सकाळी तळलेली दोन अंडी खात आला होता. त्यानं तवा काढला, ठेवला, आणि हात बटणाकडे गेला. तिथं पोकळ जागेत नुसती धातूची काडी होती. पाच जागी पाच काड्या. तो टोस्टरकडे गेला, परत आला. ब्रेड नको होता. मायक्रोवेव्हमध्ये अंडं फुटतं, हे त्यानं ऐकलं होतं. खिडकीशी गेला. परत आला. मग तळघरात उतरला आणि पक्कड घेऊन वर आला.

पकडीच्या चिमटीत काडी अगदी बेतानं बसली. जरासं मनगट वळवलं की टक् झालं, आणि तव्याखालचं विजेच्या शेगडीचं वेटोळं आधी मळकं, मग लालसर व्हायला लागलं. कुणी बघत नव्हतं. तो त्या रंगाकडे बघत उभा राहिला. वाटलं होतं त्यापेक्षा फारच सोपं होतं, आणि उद्याही तितकंच सोपं असणार होतं, परवाही. त्यानं काडी उलटी वळवली आणि वेटोळं काळं पडेपर्यंत हात मागे बांधून थांबला. हे त्यानं वहीत लिहिलं नाही.

मग त्यानं कोट घातला. एका खिशात पक्कड, दुसऱ्यात दोन अंडी. आयोनीच्या मागच्या दाराशी आला आणि, ती कधी करत नसे ते, दार वाजवलं.

तिनं दार उघडलं आणि त्यानं खिशातून काढलेल्या पकडीकडे पाहिलं. "हे काय?"

"पक्कड."

"दिसतंय मला. आमच्याकडे काय बिघडलंय?"

"काही नाही. तुझ्याकडे ठेव."

आयोनीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग खांद्यावरून पलीकडे त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. तिनं पक्कड घेतली, ओट्याच्या खालच्या खणात टाकली आणि खण गुडघ्यानं लोटून बंद केला. मग त्याच्या दुसऱ्या खिशाशी हात पसरला. त्यानं अंडी दिली.

"तळू?"

"तळ," ऑरिन म्हणाला, आणि खणाकडे पाठ येईल ती खुर्ची बघून बसला.